रा. रा. टेबलराव, जरा बसून दाखवा

रा. रा. टेबलराव यांस,
मुक्काम प्रयोगशाळा.



पत्र मुद्दाम उघडं लिहिते आहे. तुमच्याकडून पास होऊन आलेली प्रत्येक वस्तू आजवर आमच्या घरी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून आली. निदान पत्रव्यवहार तरी चारचौघांत होऊ दे.

तुम्ही मला ओळखत नाही, मी मात्र तुम्हाला पक्की ओळखते. सॅनिटरी पॅड तुमच्या अंगावर पसरलं जातं, त्यावर द्रव ओतला जातो, खालून तुम्ही ओले झालात का ते बघितलं जातं, आणि तुम्ही कोरडे राहिलात की ते पॅड आमच्यासाठी योग्य ठरतं. म्हणजे या भूतलावर सगळ्यात जास्त पॅडं वापरलेली व्यक्ती तुम्हीच. ५ मे १९९२ ला चर्चगेटहून बोरिवलीला पहिली लेडीज स्पेशल सुटली. तेव्हापासून त्या गाडीत चढलेल्या एकाही बाईच्या गाठीशी तुमच्याइतका अनुभव नसेल. फरक एवढाच, की तुम्हाला पाय चार आहेत आणि मांडी एकही नाही.

तुम्ही कोणाकडे नोकरीला आहात ते विचारत नाही. तुमची भावकी मोठी, आणि आमची उपनगरं तर तुमच्या धंद्याची सासुरवाडी. चकाल्याला कार्डिनल ग्रेशस रोडवर प्रॉक्टर अँड गॅम्बलचं भारतातलं मुख्य कार्यालय, मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गावर जॉन्सन अँड जॉन्सनचा जुना कारखाना. ‘व्हिस्पर’ आणि ‘स्टेफ्री’ ही दोन नावं देशभरातल्या बायकांनी दुकानात हळूच उच्चारली ती या दोन घराण्यांमुळे. पण तुम्ही चकाल्यात असा, सिनसिनाटीत असा की टोकियोत, तुमचा स्वभाव सगळीकडे एकच. सपाट.

तुमची कुंडली मी काढली आहे. सॅनिटरी नॅपकिनांसाठी आपलं भारतीय मानक आहे, आयएस ५४०५. पहिल्यांदा १९६९ मध्ये आलं, १९८० मध्ये सुधारलं, मग बऱ्याच विश्रांतीनंतर २०१९ मध्ये. १९८० च्या आवृत्तीतली शोषणाची चाचणी वाचून तुमच्याविषयीचा आदर दुणावला. पॅड एका सपाट, समतल, पारदर्शक पृष्ठभागावर ठेवायचं (हे तुम्ही). मधोमध ३० मिलिलिटर द्रव सोडायचा, मिनिटाला १५ मिलिलिटर या गतीने. मग त्यावर एक किलोचं वजन एक मिनिट ठेवायचं. खालून किंवा कडेने काही दिसलं नाही की पॅड उत्तीर्ण.

आता या चाचणीतून जी बाई उभी राहते, उभी कुठली, आडवीच, ती जरा डोळ्यांपुढे आणा. अख्ख्या पाळीत बाईचं रक्त सरासरी ३० ते ४० मिलिलिटर जातं. ८० च्या वर गेलं तर डॉक्टर त्याला अतिस्राव म्हणतात. ही बाई जवळजवळ सगळ्या पाळीचं रक्त दोन मिनिटांत उरकते. तिसरं मिनिट ती निपचित पडून असते. तिचं वजन एक किलो. ती वळत नाही, शिंकत नाही, जिना चढत नाही, पोराला कडेवर घेत नाही. सासूला अशी सून आणि कंपनीला असं गिऱ्हाईक नशिबानेच मिळतं.

आणि तिच्या अंगात वाहतं काय? १९८० चं मानक म्हणतं, रंगीत पाणी चालेल, किंवा मेंढीचं नाहीतर बोकडाचं ऑक्सलेट घातलेलं रक्त. ऑक्सलेट कशाला, तर रक्त गोठू नये म्हणून. पाळीचा स्राव म्हणजे साधारण निम्मंच रक्त. बाकीचा श्लेष्मा, इतर स्राव, गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे. सकाळी पातळ, दुपारी दाट, मध्येच एखादी गाठ. ती गाठ पॅडच्या वरच्या पापुद्र्यावर तशीच बसून राहते आणि बाई उठली की घरंगळते. देवनारचा कत्तलखाना आमच्या शेजारीच आहे, त्यामुळे बोकडाचं रक्त मिळायला अडचण नाही हे मी समजू शकते. पण बोकडाला पाळी येत नाही, ही बातमी समितीच्या बैठकीत कोणीतरी हळू आवाजात का होईना, सांगायला हरकत नव्हती.

यात एकट्या आपल्या मानकाला दोष देत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनच्या डॉक्टरांनी २१ प्रकारची उत्पादनं तपासली, पॅडं, कप, डिस्क, चड्ड्या सगळं. त्यांनी रक्तपेढीतल्या माणसाच्या तांबड्या पेशी वापरल्या, आणि मानवी रक्त वापरून अशी तुलना केलेला आधीचा अभ्यास त्यांना सापडला नाही. माणूस चंद्रावर उतरून तेव्हा अर्धशतक उलटून गेलं होतं. बहुतेक पाकिटांवरचे दावे त्यांना प्रत्यक्षापेक्षा फुगवलेले आढळले. तोवर बहुतेक कारभार मिठाच्या पाण्यावर, नाहीतर साध्या पाण्यावर.

जाहिरातीत ते पाणी निळं असतं. निळं पाणी सावकाश ओततात, पॅड ते पिऊन टाकतं आणि मागे एक मुलगी पांढऱ्या पँटमध्ये उडी मारते. लाल रंग दाखवायला ब्रिटनमध्ये २०१७ साल उजाडलं, आणि आपल्याकडे २०२० मध्ये राधिका आपटे लाल डागासकट टीव्हीवर आली तेव्हा ‘जेवताना हे काय दाखवता’ म्हणून तक्रारी झाल्या. निळ्याबद्दल कधी कोणी तक्रार केली नाही. करायला हवी होती, पण वेगळ्या कारणासाठी. पाणी पिणं ही पॅडची कसोटीच नव्हे.

इथे थोडं रसायनशास्त्र सहन करा, तुम्ही प्रयोगशाळेत राहता म्हणून सांगते. पॅडच्या पोटात लाकडाचा मऊ लगदा असतो आणि त्यात पेरलेले बारीक दाणे, सोडियम पॉलिॲक्रिलेटचे. या दाण्यांचं मूळ घराणं शेतीचं. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या शेती खात्याच्या पिओरियातल्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चपासून भरपूर पाणी धरून ठेवणारा पदार्थ तयार झाला, तो मातीत ओल टिकावी म्हणून. मातीतून तो आधी आमच्याकडे आला आणि मग लंगोटात. शुद्ध पाण्यात हा दाणा आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरतो. शरीरातल्या द्रवाइतकं मीठ त्या पाण्यात घातलं की तीस-पन्नास पटीवर येतो. रक्त आलं की आणखी खाली, कारण त्याच्या जाळीतून पाणी आत शिरतं, पेशी आणि प्रथिनं बाहेर दारात दाटी करून उभी राहतात. शिवाय मधले दाणे आधी फुगले की तेच पुढची वाट अडवतात. मधोमध तुडुंब, दोन्ही टोकांना कोरडं, आणि गळतं कडेने. महिन्याच्या महिन्याला कुठल्याही बाईने ही नक्षी पाहिलेली असते. ती फेकून देते. तिच्या जागी इंजिनिअर असता तर त्याने शोधनिबंध लिहिला असता.

पण द्रवाचं सोडा, टेबलराव. तुमचा खरा गुन्हा आकाराचा आहे.

बाईच्या दोन मांड्यांमधली जागा ही पोळपाट नव्हे. ती अरुंद आहे, पुढून मागे वळलेली आहे, आणि चालताना प्रत्येक पावलाला तिचा आकार बदलतो. उजवी मांडी पुढे, डावी मागे, मधलं पॅड दोन्ही बाजूंनी आवळलं जातं आणि मुरगळतं. तुमच्यावर सात सेंटिमीटर रुंद पसरलेलं ऐटबाज पॅड घाटकोपरच्या पुलाचा जिना चढेस्तोवर चुण्या पडलेली दोरी झालेलं असतं. पॅड चिकटतं ते अंगाला नाही, कपड्याला. कमरेच्या पट्ट्याला अडकवायची पॅडं जाऊन १९७० च्या आसपास डिंकवाली आली, तेव्हा पट्ट्याची कटकट संपली हे खरं. पण डिंक आल्यापासून पॅड कपड्याची साथ करतं आणि अंग आपल्या वाटेने जातं. दोघांच्या मध्ये जी फट पडते, तिथून सगळं वाहतं. निकरचं इलॅस्टिक ढिलं झालं की फट रुंद होते. नवी निकर घ्यायचं घरात सगळ्यात शेवटी सुचतं, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही.

दाबलं की पॅड दुमडणार. तो त्याचा धर्म. प्रश्न फक्त एवढाच आहे की घडी कुठे पडावी. तुम्ही ठरवली नाहीत तर ती आपण होऊन पडते, बहुधा मधोमध लांब, आणि त्या घडीची पन्हळ होऊन रक्त न मुरता सरळ मागे धावतं. ठरवून खाचा दाबल्या, कुठे जाड कुठे पातळ असं केलं, तर तेच पॅड मधोमध वर उचललं जाऊन अंगाला भिडतं आणि दोन्ही कडा भिंतीसारख्या उभ्या राहतात. हे मी शोधून काढलेलं नाही. पॅडच्या पेटंटांमध्ये या खाचांची, कण्यांची, बिजागऱ्यांसारख्या रेषांची चित्रं भरपूर आहेत. लगद्याच्या जागी लवचीक फेस घातलेली पॅडंही अमेरिकेत दुकानात मिळतात. ज्ञान आहे. जन औषधी केंद्रात २०१९ पासून एक रुपयाला मिळणाऱ्या पॅडपर्यंत, किंवा २०१८ च्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ मिळायची त्या २४० मिलिमीटरच्या पॅडपर्यंत ते ज्ञान चालत यायला वेळ लागतो. स्वस्त पॅडने तुमच्यावर पडून पास व्हायचं असतं. तुम्ही सपाट, त्यामुळे खाच असली काय नि नसली काय, तुम्हाला दोन्ही सारखंच.

मग बाजाराने यावर तोडगा काय काढला? लांबी! २४० ला गळतंय? २८० घ्या. तरी गळतंय? ३२०. एक्सएल, डबल एक्सएल, रात्रीसाठी त्याहून मोठं. रस्त्यात खड्डा पडला म्हणून रस्ता पुढे लोणावळ्यापर्यंत वाढवावा, तशातला प्रकार. कडेने गळणाऱ्या बाईला मागे दोन इंच वाढवून मिळतात, आणि ते दोन इंच बसल्यावर पाठीकडे चुरगळून टोचतात.

आमच्या आज्यांच्या वेळी जुन्या लुगड्याच्या घड्या असत. त्यांचे गोडवे गायला मी बसलेले नाही. त्या धुवायच्या चोरून, वाळवायच्या दुसऱ्या कपड्याखाली, ऊन लागू न देता, आणि कुबट ओल्याच पुन्हा घ्यायच्या. खाज, जखमा, सगळं त्यातूनच. पण एक गोष्ट त्या बायकांना येत होती जी तुम्हाला येत नाही. पहिल्या दिवशी मध्ये जाड, रात्री मागे जाड, तिसऱ्या दिवशी बारीक, हे प्रत्येक बाई स्वतःच्या अंगाप्रमाणे दुमडत होती. घडी कुठे पडावी ते तीच ठरवायची. पॅड आलं आणि हा निर्णय तुमच्याकडे गेला.

तुम्हाला आमच्या चौथ्या सीटची माहिती नसेल. लोकलच्या बाकावर जागा तिघींची. चौथी येते आणि म्हणते, ‘थोडा सरको.’ सरकतात. मग ती एका कुल्ल्यावर टेकते. एक पाय आत, दुसरा पॅसेजमध्ये, कंबर पिळलेली, खांद्याला पर्स, मांडीवर डबा आणि तोल सावरायला पुढच्या बाईच्या खांद्याचा आधार. बोरिवलीपासून चर्चगेटपर्यंत असंच. सगळा भार एका बाजूवर, पॅड तिरकं, एक पंख सुटलेला. उतरताना ती शेजारणीला, ओळखपाळख नसलेल्या, कुजबुजून विचारते, ‘मागे बघ गं जरा.’ ती बघते, मान हलवते. कधी नकारार्थी, कधी होकारार्थी, आणि मग ओढणी कमरेला बांधली जाते. आयएस ५४०५ मध्ये ही चाचणी नाही. असायला हवी. चौथी सीट, एक तास, वळणावर गाडीचा झोल धरून.

वेसाव्याच्या कोळणी उकिडव्या किंवा बुटक्या पाटावर बसून दिवसभर मासळी विकतात, सीप्झमधल्या मुली तासन् तास एकाच खुर्चीत मान खाली घालून काम करतात, आमच्या भजनी मंडळातल्या बायका मांडी घालून अडीच तास टाळ वाजवतात. उकिडवं बसलं की पॅड पुढून मागे दुमडतं, मांडी घातली की कडा उलटतात. ज्या देशात निम्मं आयुष्य जमिनीवर बसून जातं, तिथलं पॅड खुर्चीच्याही नव्हे, टेबलाच्या मापाने बेतलं जातं.

‘बारा तास’ असं पाकिटावर छापलेलं असतं. हे वाचून फार आनंद होतो. बारा तास कोणाला हवे आहेत? मुंबईत बायकांसाठी रस्त्यात मुतारी मिळावी, तीही फुकट, म्हणून २०११ मध्ये ‘राइट टू पी’ची चळवळ उभी राहिली. त्याआधी आणि नंतरही आम्ही पाणी कमी पिणं हा उपाय शोधून ठेवलेला आहे. पॅड बदलायला जागा नाही, म्हणून ते बारा तास टिकलं पाहिजे. पालिकेची जबाबदारी तुम्ही लगद्यात भरून विकता. जुलैच्या दमटपणात, मागे प्लास्टिकचा पापुद्रा, वर गुलाबाचा वास. त्या वासाचा शोध कोणी लावला ते कळलं तर त्यांनाही एक पत्र लिहीन.

आता माझ्या सासूबाईंविषयी. त्यांची पाळी जाऊन जमाना झाला, तरी त्या केमिस्टकडून पाळीची पॅडं आणतात. दुकानातला मुलगा नवा होता तेव्हा त्याने ‘आजी, सुनेसाठी का?’ असं विचारलं. त्या ‘हो’ म्हणाल्या. खरं कारण कळायला आधी एका बागेत चला.

१३ मार्च १९९५ ला अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या बागेत डॉ. मदन कटारियांनी मोजक्या लोकांना जमवून हास्य क्लब सुरू केला. तिथून तो जगभर पसरला. उपनगरातल्या प्रत्येक बागेत आता सकाळी हात वर करून हा हा हा चालतं. तुम्ही कधी मागच्या रांगेतल्या बायका पाहिल्यात? त्या हात वर करतात, हसतात, पण पोट धरून नाही. पाय एकमेकांवर घट्ट. बाळंतपणं, वय, जड ओझी यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाले की हसलं, खोकलं, शिंकलं, वाकून बादली उचलली, की थोडी लघवी सुटते. थोडी म्हणजे कधी काही थेंब, कधी पातळ भिजेल इतकी. डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी या स्नायूंचे व्यायाम १९४८ मध्येच लिहून ठेवले, आणि बऱ्याच बायकांना त्यांनी फरक पडतो. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे ते मोठ्याने सांगावं लागतं. त्यापेक्षा हास्य क्लब सोडणं सोपं. सासूबाईंनी सोडला. म्हणाल्या, गुडघे दुखतात.

पाळीचं पॅड त्यांना उपयोगी पडत नाही, आणि यात पॅडचा नव्हे, त्याच्या घडणीचा प्रश्न आहे. पाळीचा स्राव दाट आणि सावकाश, दिवसभर थोडाथोडा. लघवी पातळ, खारट आणि एकदम. तुमच्या चाचणीत मिनिटाला १५ मिलिलिटर. भरल्या मूत्राशयातून लघवी येते ती सेकंदाला तितकीच. पाळीच्या पॅडचा वरचा थर तो लोंढा आत घेईपर्यंत तो पॅडवरून वाहून गेलेला असतो. लघवीच्या पॅडला वर एक मोकळा, फुगीर थर लागतो, जो क्षणभर सगळं झेलेल आणि मग सवडीने खालच्या दाण्यांच्या हवाली करेल. खाऱ्या पाण्यात ते दाणे इथे मात्र चांगलं काम करतात. म्हणजे पाळीचं पॅड लघवीला चालत नाही, लघवीचं पाळीला नीट चालत नाही, आणि दुकानात दोन्ही एकाच फळीवर, एकाच काळ्या पिशवीच्या प्रतीक्षेत.

लघवीच्या पॅडांसाठी जगात एक वेगळी चाचणी आहे, आयएसओ ११९४८-१, साल १९९६. तीत तुम्हालाही रजा. पॅड अख्खंच्या अख्खं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, मग निथळत ठेवायचं, मग वजन करायचं. जेवढं वाढलं तेवढी क्षमता. कारल्याच्या चकत्यांना आम्ही याहून जास्त विचार करून वागवतो. पाकिटावर शेकडो मिलिलिटरचा जो आकडा येतो तो अशा बुडीतून. अंगावर घातलेलं पॅड त्याच्या कितीतरी आधी मांडीवाटे गळायला लागतं, कारण बाई मिठाच्या पाण्याच्या बादलीत बसलेली नसते. चांगल्या प्रयोगशाळांत कमरेपासून मांडीपर्यंतचे पुतळे असतात, त्यांना नळ्या जोडलेल्या असतात, हे मला ठाऊक आहे. तुमच्या त्या चुलतभावांना माझा नमस्कार सांगा. पण पाकिटावर त्यांची सही नसते.

शिवाय मोठं डायपर घ्यायला सासूबाई तयार नाहीत. ‘ते लहान मुलासारखं,’ असं त्या म्हणतात, आणि वर साडी नेसली की फुगतं आणि चालताना करकर वाजतं. बारीक, वाकणारं, न वाजणारं, खोकल्याला पुरेल एवढं पॅड हवं. ते आहे, पण त्या आठवड्याला एक असं वाचवून वापरतात आणि बाकीच्या दिवशी पाळीचं. कारण दर. सरकारनेही त्यांना आपला निवाडा कळवला होता. २०१८ च्या जुलैत सॅनिटरी नॅपकिनांवरचा जीएसटी शून्य झाला, सगळीकडे पेढे वाटले गेले. मोठ्यांच्या डायपरवर १२ टक्के तसाच राहिला. तो ५ वर आला २०२५ च्या सप्टेंबरात. वाहणाऱ्या बाईने तरुण असणं सक्तीचं होतं.

कचऱ्याबद्दल थोडक्यात, कारण तो तुमच्या खात्यात येत नाही. तुम्ही तर दर चाचणीनंतर पुसून लख्ख होता. आमचं सगळं शेवटी कांजूरमार्गला आणि देवनारला जाऊन पडतं. २०१६ च्या नियमांनी कंपन्यांनी पॅडबरोबर विल्हेवाटीची पिशवी द्यावी असं सांगितलं. त्याच्या आधीच, २०१३ मध्ये, पुण्यातल्या ‘स्वच्छ’च्या कचरावेचक बायकांनी वापरलेल्या पॅडांच्या पिशव्या भरून थेट कंपन्यांना परत पाठवल्या होत्या. मला तो मार्ग फार आवडतो. मुंबई पालिकेने २०२५ मध्ये हा कचरा घरोघरी वेगळा उचलायची सोय सुरू केली, सोसायटीने नोंदणी केली तर. आमच्या सोसायटीच्या सभेत विषय निघाला तेव्हा सचिव म्हणाले, ‘हा विषय लेडीजनी आपसात बघावा.’

तर टेबलराव, तुमच्याकडून एवढंच मागणं. एकदा आमच्याबरोबर या. सकाळी आठच्या सुमारास बोरिवलीला. तुम्हाला चढवायची जबाबदारी आमची, चौघी उचलू, आम्हाला सवय आहे. आत आल्यावर पसरू नका, जागा नाही. चारपैकी दोन पाय दुमडा, एक पॅसेजमध्ये टाका, चौथ्यावर टेका. अंधेरीला गर्दी वाढली की उठून उभे राहा, दादरला उतरा, पूल चढा, पलीकडे उतरा, मध्य रेल्वेच्या गाडीत पुन्हा चौथी सीट. घाटकोपरला उतरल्यावर एकदा मनापासून खोका. मग कोणालाही विचारा, ‘मागे बघ गं जरा.’

त्यानंतर तुम्ही म्हणाल ते पॅड आम्ही निमूटपणे वापरू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
घाटकोपरची एक पासधारक

प्रत माहितीसाठी : मानकालय, भारतीय मानक ब्यूरो, मरोळ एमआयडीसी, अंधेरी (पूर्व). सोबत एक पॅड जोडलं आहे. घाबरू नये, कोरडं आहे. घाटकोपर ते मरोळ नाका मेट्रोने अंगावर घालून आणलं आहे, तेही उभ्याने. घडी कुठे पडली आहे ती बॉलपेनने खूण करून ठेवली आहे. पोच द्यावी.